दिवाळीच्या आधी संस्थेची जूनची वही बघा

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या कर्वेनगर-वारज्यातले तुम्ही नऊ जण, सगळे नुकतेच कमावते झालेले, दिवाळीला लाखभर रुपये जमवून जवळच्या एखाद्या संस्थेला द्यायचं म्हणताय. ट्रस्ट नोंदवायचा का, पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे आणि कार्यक्रम कोणता ठेवायचा, हे तुमचे प्रश्न. मी अशाच एका गटात अकरा वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कार्यक्रमाचं नंतर बघू. आधी संस्थेत जाऊन या, आणि रिकाम्या हाताने जा.

आम्ही पहिल्या वर्षी सिंहगड रस्त्याच्या बाजूला मुलींच्या एका वसतिगृहात फराळ आणि ब्लँकेटं घेऊन गेलो होतो. तिथल्या ताईंनी चहा दिला आणि सामान ठेवायला कोठी उघडली. आत छतापर्यंत ब्लँकेटं, पिशवीतून न काढलेली. खालच्या फळीवर चिवड्याची पाकिटं, लाडवांचे बॉक्स आणि एकसारख्या निळ्या बाटल्यांचा ढीग. आमच्यातल्या एकाने विचारलं, "ताई, मग कमी काय पडतं?" त्या जरा थांबल्या. मग खणातून किराण्याची लाल वही काढून जूनचं पान उघडलं. तूरडाळ, तेल, गहू, कपड्यांचा साबण आणि तळाशी पेन्सिलीने गोल केलेली मागील बाकी. म्हणाल्या, "दिवाळीत सगळे येतात गं. जूनमध्ये मुली गावाहून परत येतात, वह्या, फिया, बसचे पास सगळं एकदम येतं. तेव्हा कुणी नसतं. स्वयंपाकाच्या मावशींचा पगार दोनदा उशिरा दिलाय मी."

आम्ही त्याच महिन्यापासून दरमहा देणं सुरू केलं. माणशी ३०० रुपये, ज्याला जास्त जमेल त्याने जास्त. त्यातून मावशींचा पगार ठरला तो आजतागायत चालू आहे. डाळ, वीजबिल, पगार, रिक्षाभाडं यांसाठी पैसे द्यायला सहसा कोणी पुढे येत नाही, कारण दिल्यावर दाखवण्यासारखं काही नसतं. संस्था मात्र त्यावरच चालते. तुमच्या लाखाचे बारा भाग करा आणि संस्थेला विचारून महिने ठरवा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

थोड्या थोड्या पैशांतून मोठं काम उभं करणं आपल्याकडे नवीन नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दरवर्षी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. एक पैसा देणाऱ्यालाही तो कारखाना आपला वाटत असणार. तुमच्या सोसायटीतल्या आजोबांनी महिन्याला ५० रुपये दिले तरी नाही म्हणू नका.

आता खात्याचं. कोणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे घेऊ नका, चार दिवसांसाठीसुद्धा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा पूरग्रस्तांसाठी पैसे जमवायला आम्ही घाईघाईत एका मित्राचा नंबर सगळीकडे फिरवला. चार दिवसांत त्याच्या खात्यात दीड लाखाच्या वर जमा झाले, त्याच्या पगारात आणि गाडीच्या हप्त्यात मिसळून गेले. एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, पण कोणी किती दिले आणि कशावर खर्च झाले हे जुळवायला त्याला तीन महिने लागले. लोकांच्या प्रश्नांनी तो इतका खचला की पुढे गटात आलाच नाही. ही चूक आमची सगळ्यांची होती. शिवाय नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम तुमच्या खात्यात अशीच आली, तर ती सगळी तुमचं करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते.

त्यापेक्षा संस्थेचाच क्यूआर कोड घ्या. देणगीदार थेट संस्थेला देतील आणि पावती संस्था देईल. तुमचं काम फक्त माणसं जोडायचं. संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) चालू आहे का, हे आधी डोळ्यांनी बघा. कागद मागायला संकोच करू नका, चांगल्या संस्था ते आनंदाने दाखवतात. ८०जीची सवलत हवी असेल तर रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच, हे देणाऱ्यांना सांगून ठेवा. हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्यांनी एचआरला जरूर विचारावं, काही कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी स्वतःची भर घालतात.

ट्रस्ट इतक्यात नको. नोंदणी झाली की दरवर्षी हिशोब, लेखापरीक्षण, बदल अर्ज हे सगळं मागे लागतं आणि नऊ जणांची ताकद कागदांतच जाते. पण डबे घेऊन दारोदार किंवा चौकात पैसे जमवणार असाल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ क लागू होतं. गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात, ती याच कलमाखाली. तुम्हीही धर्मादाय कार्यालयात आधी अर्ज करा.

अमेरिकेतल्या मामाचे पैसे येणारच, पुण्यात असं घर कमी. मामा अजून भारतीय नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती विदेशी देणगी ठरते, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते.

हिशोब लिहिणारा एक आणि संस्थेशी बोलणारा दुसरा, असे दोघं ठेवा. आमच्याकडे दर महिन्याच्या ५ तारखेला ग्रुपवर एक मेसेज पडतो: किती जणांनी दिले, संस्थेकडे किती पोचले, कशाला लागले, सोबत पावतीचा फोटो. एका महिन्यात फक्त ४,१०० रुपये जमले होते, तेही तसंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी आणखी सहा जणांनी पाठवले, कोणी न मागता.

मुलांचे फोटो टाकू नका. निराधार बालकांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे, आणि कायदा नसता तरी फराळाचं ताट हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारी आठ वर्षांची मुलगी मला बघवत नाही.

तिसरं वर्ष जड जातं. कोणी बंगळुरूला जातं, कोणाचं लग्न होतं, कोणी शिकायला जर्मनीला जातं. आमच्या गटातले चार एका वर्षात गेले. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्या वर्षीच आपल्यापेक्षा लहान एकाला हाताशी धरावं. आज आमचा हिशोब जी लिहिते ती आम्ही सुरुवात केली तेव्हा आठवीत होती.

येत्या रविवारी जाऊन या. मुलांच्या अभ्यासाच्या वेळेत नको, सकाळी अकराच्या सुमाराला, आणि आधी फोन करून. किराण्याची वही मागा, जूनचं पान बघा. काय दिसलं ते इथे कळवा, मग पहिल्या महिन्याचा आकडा आपण मिळून ठरवू.