अंतराची अट आणि शहराचा नकाशा

प्रश्न : आमच्या भागात शाळेजवळच ऑर्केस्ट्रा बार सुरू होणार असल्याची चर्चा आहे. अमेरिकेत प्रौढांच्या करमणुकीचे व्यवसाय कोठे चालावेत, हे नगररचनेच्या नियमांनी ठरते, असे वाचनात आले. आपल्या महापालिकेला तसे करता येईल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : अमेरिकेत हे नियम दोन परस्परविरुद्ध मार्गांनी झाले. डेट्रॉइटने 1972 मध्ये असे व्यवसाय एकमेकांपासून दूर पांगवले, तर बोस्टनने 1974 मध्ये ते एकाच भागात एकवटले. डेट्रॉइटचा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये वैध ठरवला. पुढे वॉशिंग्टन राज्यातील रेंटन या लहान शहराने प्रौढांच्या चित्रपटगृहांना निवासी विभाग, शाळा, चर्च व उद्याने यांपासून 1000 फूट अंतराची अट घातली आणि 1986 मध्ये तीही टिकली. ती टिकण्यामागची दोन कारणे लक्षात घेण्याजोगी आहेत. पडद्यावर काय दाखवले जाते याबद्दलची नापसंती पुढे न करता शहराने गुन्हेगारी आणि परिसराची घसरण यांवर बोट ठेवले होते. आणि अट पाळूनही 520 एकर, म्हणजे शहराच्या सुमारे पाच टक्के, जमीन या व्यवसायासाठी मोकळी राहत होती.

महाराष्ट्रात नेमका हाच दुसरा मुद्दा निसटला. डान्स बारवरील 2005 ची बंदी न्यायालयात टिकली नाही, तेव्हा 2016 च्या कायद्यान्वये शैक्षणिक संस्था व धार्मिक स्थळांपासून एक किलोमीटरची अट आली. रेंटनच्या तुलनेत हे अंतर सुमारे सव्वातीन पट. पण वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढत असल्यामुळे एकेका शाळेभोवती निषिद्ध होणारी जमीन जवळजवळ अकरा पट ठरते. मुंबईसारख्या शहरात अशी जागा मिळणेच अशक्य, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने 17 जानेवारी 2019 रोजी ही अट रद्द केली. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळेची मर्यादा मात्र कायम ठेवली. चौकाचौकात देऊळ असलेल्या सांगली-मिरजेत याहून वेगळे काय झाले असते?

आता आपल्या प्रश्नाकडे. महापालिका एकटीने असा नियम करू शकत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये विकास आराखडा महापालिका तयार करते, पण त्याला अंतिम मंजुरी राज्य शासनाची लागते. करमणुकीचा आणि मद्यविक्रीचा परवाना तर स्वतंत्र कायद्यांखाली मिळतो. म्हणून नव्या नियमाची वाट पाहण्याऐवजी, ती जागा आराखड्यात कोणत्या विभागात आहे आणि त्या इमारतीचा मंजूर वापर निवासी आहे की वाणिज्य, हे आधी नगररचना विभागाकडून माहितीच्या अधिकाराखाली लेखी मागवावे. मंजूर वापराशी विसंगत व्यवसाय असेल, तर हरकतीला तेवढा आधार पुरतो. नृत्य-संगीताच्या नैतिकतेची चर्चा तेथे करावी लागत नाही.

हरकतीत संस्कृतिरक्षणाची भाषा टाळावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. शाळेच्या फाटकापासूनचे मोजलेले अंतर, रात्रीच्या आवाजाची वेळ, वाहने लावण्याची जागा आणि रस्त्याची रुंदी ही माहिती अर्जात असावी, आणि अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयातून परतू नये.