पऱ्यात गप्पी मासे सोडावेत का?

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यात आरोग्य सेविका आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावात डेंग्यूचे रुग्ण निघाले. म्हणून यंदा पावसाआधीच डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचं ठरलंय : घरच्या टाक्यांत, विहिरींत आणि गावच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यातसुद्धा. ग्रामसभेत एका आजोबांनी विचारलं, "पऱ्यात आपले मासे आहेत की, मग हे कशाला?" मला काही सांगता आलं नाही. पऱ्यात गप्पी सोडले तर नुकसान होतं का? (नाव छापू नये ही विनंती.)

उत्तर : ताई, त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. बंदिस्त टाकीत गप्पी सोडायला माझी हरकत नाही. पऱ्यात मात्र एकही सोडू नका.

आधी तुमच्या कामाचं बोलू. डेंग्यू पसरवणारा इडिस डास वाहत्या पऱ्यात वाढत नाही. त्याला लागतं साठवलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी : पिंप, सिमेंटची टाकी, फ्रिजमागचा ट्रे, अंगणातला टायर, नारळाची करवंटी. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून तर आपण आठवड्याला कोरडा दिवस पाळायला, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून सुकवायला सांगतो. पऱ्यात हजार गप्पी सोडले तरी परसातल्या पिंपातली एक अळी कमी होणार नाही. मग डेंग्यूसाठी पऱ्याला हात लावायचा कशाला?

आता गप्पीबद्दल. हा मासा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला : त्रिनिदाद, व्हेनेझुएला, गयाना. रॉबर्ट लेचमेअर गप्पी नावाच्या गृहस्थांनी त्रिनिदादहून त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले आणि 1866 मध्ये माशाला त्यांचं नाव मिळालं. भारतात तो 1908 साली आला. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते. महिन्याभराच्या अंतराने एका खेपेला वीस-तीस, कधी त्याहून जास्त. पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण देऊ लागतात. शिवाय नराशी एकदा संबंध आला की मादी त्याचं बीज पुढे कित्येक महिने शरीरात सांभाळते. त्यामुळे पोटात पिल्लं असलेली एकच मादी पुरात वाहून खालच्या कोंडीत (डोहात) पोचली, तरी तिथे नवी वस्ती उभी राहू शकते. परत बोलावायची सोय नसते, ही खरी अडचण आहे.

घाण पाणी तो सोसतो. पुण्यात मुठेला मिळणाऱ्या नाल्यांत मी वाकून पाहिलंय. काळ्या, प्राणवायू जवळजवळ संपलेल्या पाण्यात जे काही वळवळताना दिसतं ते बहुतेक गप्पीच. आणि तो फक्त डासांच्या अळ्या खातो हा समज सोडून द्या. शेवाळ, पाण्यातले किडे, इतर माशांची अंडी, नुकती बाहेर पडलेली पिल्लं, तोंडात मावेल ते तो खातो. टाकीत दुसरं काही नसतं म्हणून तो अळ्यांवर तुटून पडतो. पऱ्यात त्याच्यापुढे सगळं ताट वाढलेलं असतं.

आणि त्या ताटात कोण आहे ते बघा. पऱ्याच्या संथ कडेला, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, डोक्यावर चमकता पांढरा ठिपका असलेला बोटाएवढा मासा दिसेल. अभ्यासक त्याला अॅप्लोकायलस म्हणतात. हा आपला, इथलाच, आणि डासांच्या अळ्या हेच त्याचं आवडतं खाणं. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात, तीही अळ्या खातात. पाठीवर पोहणारे पाणकिडेही खातात. हे सगळे आधीपासून कामावर आहेत. आजोबा म्हणाले ते हेच.

सह्याद्रीच्या ओढ्यांत असे मासे आहेत की जगात दुसरीकडे सापडत नाहीत. खंडाळ्याच्या ओढ्यातून 1919 साली नोंदवलेला पॅराप्सिलोऱ्हिंकस पाहा. खडकाला धरून राहणारा, वेगाच्या पाण्यातला मासा. तुमच्या पऱ्यात कोण कोण आहे याची यादी कुणी केलीय का? बहुतेक गावांत केलेली नसते. जे मोजलंच नाही ते गेलं तरी कुणाला कळणार?

कोकणात आणखी एक धोका आहे. पहिल्या जोराच्या पावसात चढणीचे मासे पऱ्यातून भातखाचरांत चढतात आणि तिथे अंडी घालतात. पाण्याची हीच वाट गप्पीलाही मोकळी असते. ज्या उथळ, उबदार पाण्यात आपल्या माशांची आणि बेडकांची पिल्लं वाढायची, तिथेच तो जाऊन बसतो.

गप्पीच्या जोडीने कुणी गंबुशिया देऊ लागलं तर ठाम नकार द्या. 1928 मध्ये डासांसाठीच आणलेला हा मासा बेडकांची पिल्लं आणि दुसऱ्या माशांचे पंख कुरतडतो. जगातल्या सर्वांत घातक शंभर उपऱ्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याच यादीत बाजारातली चिलापीही (तिलापिया) आहे. 1952 मध्ये अन्न म्हणून आणली, आणि आज कुठल्याही धरणाच्या बाजूच्या मासळीबाजारात ढीग तिचाच. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती जगतात, आणि इथल्या माशांची उघड्यावरची अंडी तिच्या पोटात जातात. तीही कुणी वाईट हेतूने आणली नव्हती.

विहिरींचं काय? कठडा असलेली, पावसातही न भरून वाहणारी विहीर असेल तर चालेल. कोकणातल्या कितीतरी विहिरी जुलैत काठोकाठ भरतात आणि शेतात उतू जातात. तिथे नको. घरच्या टाकीलाही घट्ट झाकण आणि आठवड्याला घासून कोरडं करणं हा पहिला उपाय, मासे दुसरा. टाकी साफ करताना पाणी गटारात ओतण्याआधी मासे बादलीत काढून ठेवायला घरोघरी सांगा, कारण गटार शेवटी पऱ्यालाच मिळतं.

आधीच कुणी पऱ्यात सोडले असतील तर मे महिना वाया घालवू नका. पाणी आटून कोंडी उरतात, तेव्हा जुनी सुती साडी धरून दोन-चार जणांना गप्पी गाळता येतात. पांढऱ्या ठिपक्याचा मासा सापडला की लगेच परत पाण्यात. सगळे निघणार नाहीत, पण पुरात पसरणारे कमी होतील. आणि पुढच्या ग्रामसभेत "पऱ्यात मासे सोडायचे नाहीत" असा ठराव लिहून घ्या. तालुक्याच्या बैठकीत तो कागद तुमच्या उपयोगी पडेल.

प्रश्न : मुलीने हौसेने आणलेलं लाल कानाचं कासव आता बशीएवढं झालंय. तलावपाळीत सोडलं तर ते सुखी होईल ना? (ठाणे)

उत्तर : सोडू नका. हे अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं कासव. आणखी वाढेल, वीस-तीस वर्षं जगेल आणि आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावेल. मोठी टाकी आणि उन्हाची जागा देऊन घरीच सांभाळा. हाताळल्यावर मुलीला साबणाने हात धुवायला लावा, या कासवांकडून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. अगदीच जमत नसेल तर प्राणी-बचावाचं काम करणाऱ्या संस्थेकडे विचारा, आणि ते नेतील तोवर घरीच ठेवा.