बारा महिने कधीपासून मोजायचे? हँबुर्गला अडकलेल्या घरसामानाबद्दल

नमस्कार,

तुमचा 27 मेचा मेल दोनदा वाचला. नोकरीसाठी भारतातून जर्मनीत आलात, घरसामान मागाहून न्हावाशेवाहून जहाजाने मागवलं, 29 एप्रिलला ते हँबुर्गला उतरलं आणि तेव्हापासून 43 बॉक्स तिथे पडून आहेत. सामान आणणारा एजंट दर आठवड्याला स्टोरेजचं बिल वाढवून पाठवतोय, तुम्ही त्याच्याशी भांडताय आणि मला विचारताय की हे बिल कायदेशीर आहे का, केस टाकता येईल का. कस्टम्सचा फॉर्म तुम्ही अजून सही करून दिलेला नाही, का तर बिलाचा निकाल लागल्याशिवाय काहीच द्यायचं नाही असं ठरवलंय. अशा अर्थाचे मेल मला वरचेवर येतात आणि जवळजवळ प्रत्येकात भांडण भलत्याच गोष्टीवर चाललेलं असतं.

बिलाचं नंतर बघू. आधी तुमच्या मेलमधलं शेवटून तिसरं वाक्य बघा, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय: "तसा आमच्याकडे सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ आहे." नाही हो, नाहीये. माझ्या हिशोबाने तुमच्याकडे तीन आठवडे आहेत, आणि तुमच्या सगळ्या प्रकरणाचा निकाल ह्या एका वाक्यावर लागणार आहे.

युरोपियन युनियनचा 2009 सालचा 1186 नंबरचा रेग्युलेशन आहे, त्याच्या कलम 7 मध्ये म्हटलंय की बाहेरून राहायला आलेल्या माणसाचं घरसामान ड्युटी न भरता सोडायचं असेल तर ते नेहमीचं वास्तव्य इथे सुरू झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत मुक्त वापरासाठी, म्हणजे कस्टम्समधून सोडवून इथे वापरायला, दाखल व्हायला हवं. लोक ह्यातला फक्त "12 महिने" हा आकडा लक्षात ठेवतात. तो कुठून सुरू होतो आणि कशाने थांबतो हे कोणी वाचत नाही, आणि लोक नेमके त्या दोन्ही टोकांना चुकतात.

सुरुवातीचं टोक आधी. तुम्ही मोजलंत गेल्या 1 ऑक्टोबरपासून, कारण त्या दिवशी तुम्ही आत्ताच्या फ्लॅटमध्ये आलात आणि तिथल्या पत्त्याची आनमेल्डुंग म्हणजे सरकारी नोंदणी केलीत. पण तुम्हीच पाठवलेल्या कागदांमध्ये त्याच्या आधीची एक आनमेल्डुंग आहे, गेल्या वर्षीच्या 24 जूनची, कंपनीने दिलेल्या फर्निश्ड फ्लॅटची, आणि तिच्यावर राहायला आल्याची तारीख स्पष्ट छापलीय 18 जून. नोकरी तेव्हापासून, पगार तेव्हापासून, हेल्थ इन्शुरन्स तेव्हापासून. कायदा विचारतो तुमचं वास्तव्य ह्या देशात कधी सुरू झालं. आवडता फ्लॅट कधी मिळाला, फर्निचरला जागा कधी झाली हे तो विचारत नाही. घर बदललं म्हणून घड्याळ पुन्हा शून्यावर जात नाही. पहिले तीन महिने तात्पुरते होते, मन लागलं नव्हतं, हे सगळं मी अधिकाऱ्यासमोर मांडू शकेन, वेळ आली तर मांडेनही, पण तुमची मेल्डेबेशाइनिगुंग, म्हणजे त्या नोंदणीचा दाखला, एक सांगते आणि मी दुसरं सांगतो अशा पायावर घरचं सामान टांगणीला लावू नका. 18 जूनच धरा.

आता दुसरं टोक. मुदत जहाज निघाल्याने थांबत नाही, जहाज बंदराला लागल्यानेही थांबत नाही. सामान कस्टम्सपुढे हजर असताना त्याचं डिक्लरेशन, म्हणजे काय आणलंय ते जाहीर करणारा कागद, दाखल होऊन ते स्वीकारलं गेलं की थांबते. तुमचं सामान हजर आहे, म्हणजे अर्धं काम झालंय, आणि उरलेलं अर्धं तुमच्या सहीसाठी अडलंय. मला खरंच वाईट वाटलं हे वाचून. 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कितीतरी जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून यायला लागली, लोकांचे आठवडेच्या आठवडे समुद्रात गेले, त्यांची मुदत त्यांच्या हाताबाहेर संपत आली. तुमचं सामान वेळेत पोचलंय आणि मुदत तुम्ही जमिनीवर घालवताय.

एजंटने तुम्हाला सांगितलं की "90 दिवस आहेत, काळजी करू नका". तो खोटं बोललेला नाही, पण तो दुसऱ्याच मुदतीबद्दल बोलतोय. सामान कस्टम्सपुढे आल्यावर तात्पुरत्या साठवणुकीत 90 दिवस राहू शकतं, तेवढ्यात त्याची काहीतरी प्रक्रिया सुरू करावी लागते, तुमच्या बाबतीत ते 90 दिवस जुलैअखेरपर्यंत जातात. ह्या मुदतीचा ड्युटीमाफीशी काही संबंध नाही. जुलैच्या 20 तारखेला तुम्ही डिक्लरेशन केलंत तर साठवणुकीच्या नियमात बसाल आणि माफीच्या नियमातून बाहेर पडाल. मग वस्तूनुसार ड्युटी आणि वर 19 टक्के आयात व्हॅट, तोही जहाजाचं भाडं धरून काढलेल्या किमतीवर.

तर आता करायचं काय. फॉर्म 0350, म्हणजे तुम्ही सहीविना ठेवलेला तो कस्टम्सचा फॉर्म, भरा, तुम्ही आणि वहिनी दोघांनी बसून, आज. त्याला जोडायला पासपोर्टची कॉपी, दोन्ही मेल्डेबेशाइनिगुंग (जूनची लपवू नका, ती सिस्टिममध्ये आहेच), नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट, आणि इथे येण्याआधी सलग 12 महिने युरोपियन युनियनच्या बाहेर राहत होतात ह्याचा पुरावा, म्हणजे भारतातलं भाडेकरारपत्र, जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, वीजबिलं असं काहीही सलग दिसेल असं. एजंट म्हणतोय बॉक्स आधी ट्रान्झिटवर, म्हणजे कस्टम्सने न सोडवता सीलबंद, तुमच्या शहराजवळच्या कस्टम्स ऑफिसला आणू आणि तिथे डिक्लरेशन करू. एरवी मी हो म्हटलं असतं, तुम्हाला जवळ पडतं, पण आता मध्ये ट्रक, सील, अपॉइंटमेंट असं काय काय येणार, त्यापेक्षा हँबुर्गलाच दाखल करायला सांगा. तिथे जास्त वेळ लागणार असेल तर एजंटने तारखेसकट लेखी सांगावं, मग बदलू. फोनवर काही ठरवू नका. आणि एक समजून घ्या, एजंट तुमचा प्रतिनिधी म्हणून कागद देतो तेव्हा डिक्लरेशन तुमचंच असतं, त्याने उशीर केला तरी कस्टम्सच्या लेखी उशीर तुमचा.

मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या यादीची आहे. पॅकर्सने केलेल्या यादीचा फोटो पाठवलाय तुम्ही, त्यात बॉक्स 17 पुढे "मिसलेनियस", 22 पुढे "मिसलेनियस", 31 पुढे "किचन 11 नग". कस्टम्सच्या अधिकाऱ्याने ह्यावरून काय ठरवायचं? बॉक्स बंद होताना तुम्ही शेजारी उभे होतात, पाच मिनिटं घालून लिहून घेता आलं असतं. आता आठवून लिहा, वस्तू, अंदाजे किती वर्षांची, अंदाजे किंमत. पावत्या कोणी दहा वर्षांच्या मागत नाही, यादी खरी वाटली पाहिजे इतकंच.

ह्याच यादीत आणखी एक अडचण आहे. निघायच्या तीन आठवडे आधी घेतलेला मिक्सर, नवा कुकर, नवे डिनर सेट. माफी मिळते ती आधीचं वास्तव्य सोडायच्या तारखेपूर्वी निदान सहा महिने तुमच्याकडे असलेल्या आणि तुम्ही वापरलेल्या वस्तूंना. नव्याला नाही. ह्या वस्तू वेगळ्या लिहा, किंमत लिहा, त्यांच्यावर पडेल तो कर भरा, रक्कम काही डोंगराएवढी होणार नाही. जुन्यात मिसळून लेबल लागलेला खोका सापडला तर अधिकारी उरलेल्या 42 बॉक्सकडे कसा बघेल ते मला सांगता येत नाही, आणि ते कळून घ्यायची माझी इच्छा नाही. बॉक्स 31 मध्ये आईंनी भांड्यांच्या मध्ये तुपाचा डबा ठेवलाय असं तुम्ही लिहिलंय. युरोपियन युनियनच्या बाहेरून घरगुती सामानातून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, तूप त्यातच येतं. आत्ताच कळवून टाका की तो डबा आहे आणि तो नष्ट करायला तुमची हरकत नाही. शिसवी देव्हाऱ्याचं मात्र मला नीट बघावं लागेल, शिसवाच्या जाती साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहेत, घरसामानाला काही सवलत आहे पण ती देव्हाऱ्याला कशी लागू होते ते लाकूड आणि कागद बघून सांगेन. यादीत तो "लाकडी देव्हारा, शिसव" असाच लिहा, नुसतं "फर्निचर" नको.

वहिनींबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, पण त्या 9 डिसेंबरला आल्या असं मेलमध्ये आहे. त्यांचं वास्तव्य तेव्हा सुरू झालं, त्यांचे 12 महिने वेगळे. त्यांची म्हणून जी वस्तू आहे, पुस्तकं, साड्या, हार्मोनियम, ती त्यांच्या नावाच्या वेगळ्या फॉर्मवर दाखवता येऊ शकते. सगळं तुमच्या नावाने बुक झालंय म्हणून अधिकारी प्रश्न विचारेल, विचारू दे, पण ही तयारी ठेवा. उद्या 18 जून काही कारणाने हुकलाच तर निदान तेवढा भाग वाचवायचा प्रयत्न करता येईल. सामान एकापेक्षा जास्त हप्त्यांत सोडवायला त्याच कलम 7 ची परवानगी आहे, फक्त ज्याची त्याची मुदत पाळून.

आणि हुकलंच तर? कलमात "विशेष परिस्थिती" असे शब्द आहेत, त्यावर अर्ज करता येतो. पण स्टोरेजच्या बिलावर भांडत बसलो होतो ही विशेष परिस्थिती आहे हे मी कुठल्या तोंडाने लिहू? नाकारायच्या आधी कस्टम्सने तुम्हाला सहसा म्हणणं मांडायला 30 दिवस द्यायचे असतात, निर्णयाचा कागद आला की एक महिन्यात आइनश्प्रुख म्हणजे हरकत दाखल करावी लागते, आणि हरकत घेतली म्हणून कर भरणं आपोआप थांबत नाही. त्यापुढे फिनान्सगेरिश्ट म्हणजे करविषयक कोर्ट, तिथे वर्षं जाऊ शकतात. केस जिंकलीत तरी तोवर मुलं तुम्ही इथे नव्याने घेतलेल्या बेडवर झोपून मोठी झालेली असतील आणि मिळालेल्या पैशांपेक्षा फीच जास्त झाली असेल. असे खटले मी घेतो, पण घेताना दर वेळी जीव तुटतो, कारण बहुतेक वेळा एका सहीने ते टळले असते.

आता बिल. ते तुमच्या आणि एजंटच्या करारावर ठरेल, फुकट दिवस किती लिहिलेत, दर कुठला, कोणाच्या चुकीने थांबलं. करार वाचल्याशिवाय मी काही बोलणार नाही, काही रक्कम बहुधा कमी होईल एवढंच. एजंट पैसे मिळेपर्यंत बॉक्स अडवून धरेल हे मात्र गृहीत धरा. म्हणून पैसे भरताना ट्रान्स्फरच्या रेफरन्समध्ये आणि सोबतच्या मेलमध्ये "उंटर फोरबेहाल्ट" लिहा, म्हणजे हक्क राखून भरतोय, मान्य करून नाही. मग परत मागायचा रस्ता उघडा राहतो आणि सामान सुटतं.

खुर्च्यांचंही सांगून टाकतो, कारण विचारलंय. दोन खुर्च्या बसत नाहीत म्हणून मित्राला द्यायच्या किंवा ऑनलाइन विकायच्या, तर डिक्लरेशन स्वीकारल्यापासून 12 महिने कस्टम्सला आधी कळवल्याशिवाय विकायच्या नाहीत, द्यायच्या नाहीत, भाड्याने किंवा वापरायला म्हणूनही नाहीत. दिल्या तर तेवढ्यांवरचा कर मागे लागतो. बाल्कनीत ठेवा.

आज संध्याकाळच्या आत एजंटला मेल जाऊ द्या, मला सीसी करा, त्यात एकच प्रश्न विचारा: फॉर्म आणि यादी मिळाल्यावर डिक्लरेशन कोणत्या तारखेला दाखल करणार? दोन दिवसांत तारीख आली नाही तर मला फोन करा, मग दुसरा प्रतिनिधी बघू. स्वीकारल्याचा कागद रजिस्ट्रेशन नंबरसकट हातात आला की त्याचा स्कॅन आणि स्टोरेजचा करार एकत्र पाठवा.