ब्राऊन बेल्ट आहे, तरी हात उचललाच गेला नाही

प्रश्न: ताई, मी २६ वर्षांचा आहे, नऊ वर्षं कराटे करतोय, ब्राऊन बेल्ट (ब्लॅकच्या आधीचा). मागच्या महिन्यात रात्री पार्किंगमध्ये गाडी काढण्यावरून एकाशी बाचाबाची झाली. त्याने एका हाताने माझी कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने कानाखाली मारली, एक नाही, चार-पाच. माझा एकही ब्लॉक झाला नाही, हातच वर आला नाही. शेवटी लोकांनी सोडवलं. घरी येऊन आरशासमोर तोच ब्लॉक करून बघितला तर एकदम परफेक्ट! मित्र म्हणतात कराटे म्हणजे नुसता डान्स. नऊ वर्षं पाण्यात गेली का?

उत्तर: तुला अरे-तुरे करते हं, भाच्याच्या वयाचा आहेस माझ्या. आधी मला एक सांग, या नऊ वर्षांत क्लासमध्ये कोणी कधी तुझी कॉलर धरून, तोंडाजवळ तोंड आणून शिव्या देत, मागे ढकलत ढकलत तुला मारलंय का? नसणारच. क्लासमधला पार्टनर काय करतो, तर लांब उभा राहतो, वाकून नमस्कार करतो, ओरडतो, एक पाऊल पुढे टाकून उजव्या हाताने एकच पंच मारतो आणि मग तू ब्लॉक, काउंटर, पाय अडकवून पाडणं असं सगळं साग्रसंगीत उरकेपर्यंत तो हात तसाच हवेत धरून थांबतो. इतका समजूतदार गुंड मी तरी अजून पाहिला नाही. आरशातही तेच, आरसा कुठे तुझी कॉलर धरतो!

म्हणजे तू ब्लॉक शिकलास तो खरा, पण तो तीन पावलांवरच्या, आधीपासून माहीत असलेल्या पंचासाठी शिकलास. पार्किंगमधला माणूस वीतभर अंतरावर होता आणि त्याने तुला पकडून ठेवलं होतं. हा वेगळाच पेपर आहे रे.

आणि ही रांगेत उभं राहून एक-दोन-तीन करायची पद्धत काही हजारो वर्षं जुनी वगैरे नाहीये. जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावर इतोसू आन्को या कराटे शिक्षकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळांमध्ये नेलं, मुलांच्या व्यायामासाठी, मग त्यासाठी सोपे काते, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे एकट्याने करायचे संच, तयार झाले, आणि पन्नास पोरांना एकदम शिकवायचं तर कवायतच होणार ना. पुढे १९२२ मध्ये फुनाकोशी गिचिन यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं आणि तिथून कराटे जपानच्या मुख्य भूमीवर कॉलेजांमधून वगैरे पसरलं. आज आपण ज्याला ‘पारंपरिक’ म्हणतो त्यातलं बरंचसं हे शाळा-कॉलेजातलं कराटे आहे. त्याने पाय मजबूत होतात, दम वाढतो, शिस्त येते, सगळं मान्य. फक्त कॉलर धरणारा माणूस त्या सिलॅबसमध्ये नव्हता.

याच्या उलटं उदाहरण ज्युडोचे जनक कानो जिगोरो यांचं, आणि हे मला सगळ्यात आवडतं. १८८२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी कोडोकान ही ज्युडोची शाळा सुरू केली. ज्युडो ज्यातून निघालं त्या जुन्या जुजुत्सूमध्ये डोळ्यात बोटं घालणं, बोटं मोडणं असे जीवघेणे प्रकार होते. जीवघेणे म्हणजे पार्टनरवर पूर्ण जोरात करताच येत नाहीत, मग सगळा मामला ‘समजा मी असं केलं तर’ यावर. कानोंनी सरावातून हे धोकादायक प्रकार बाजूला काढले आणि उरलेलं पूर्ण ताकदीने, समोरचा मनापासून विरोध करत असताना करायला लावलं. तीच रांदोरी. गंमत बघ, सुरक्षित केल्यामुळे प्रकार बोथट व्हायला हवा होता, झाला उलट जास्त कामाचा, कारण रोज संध्याकाळी शंभर वेळा कोणीतरी खरोखर तुमचा डाव हाणून पाडतंय.

याच कोडोकानचा माएदा मित्सुयो १९१४ ला ब्राझीलला पोचला, तिथे ग्रेसी घराण्यात ते शिकणं गेलं, आणि १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या लढवय्यांना एकमेकांसमोर उभं करणारी स्पर्धा, झाली तेव्हा रॉइस ग्रेसी नावाच्या सडपातळ माणसाने एका रात्रीत तीन जणांना हरवलं. त्या स्पर्धेत आठ प्रकारचे आठ जण होते, एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता, का ते त्यालाच ठाऊक. आणि २०१७ मध्ये चीनमध्ये शू शियाओदोंग या एमएमए (सगळे प्रकार मिसळून लढायची मिक्स्ड मार्शल आर्ट्स) फायटरने ताई-ची या संथ चिनी प्रकाराच्या एका मास्टरला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली घेतलं, तो व्हिडिओ तुझ्या मित्रांनी तुला नक्कीच पाठवला असेल. पण ह्याचा अर्थ ‘ताई-ची वाईट, एमएमए भारी’ इतका सोपा लावू नकोस. एकाला मार खायची रोजची सवय होती, दुसऱ्याला नव्हती.

माझंच सांगते. अकरा वर्षं कराटे केल्यावर मी ज्युडोच्या क्लासला गेले, मनात फुल माज. समोर एक किडकिडीत पोरगी, व्हाइट बेल्ट, चार महिने झालेले तिला. तिने माझी बाही आणि कॉलर धरली आणि माझ्या लक्षात आलं की मला पकडलेल्या हाताचं काय करायचं हेच माहीत नाही. मी स्टान्स घेतला, छान खोल, डोजोत बघून सरांनी शाबासकी दिली असती असा, आणि तिने तोच पुढचा पाय झाडू मारल्यासारखा उडवला. पाच मिनिटांत चारदा पडले. चौथ्यांदा तिनेच घाबरून विचारलं, ‘तुम्हाला लागलं का हो काकू?’ लागलं होतं, पाठीला कमी आणि ‘काकू’ जास्त.

आता तू गोठलास त्याबद्दल. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. अचानक धोका आला की अड्रेनलिन उसळतं, नजर बोगद्यासारखी अरुंद होते, बोटांची बारीक कामं जमेनाशी होतात, आणि मेंदू आधी ‘हे खरंच होतंय का’ यातच अडकतो. अशा वेळी डोक्यात वीस ब्लॉक असतील तर त्यातला कुठला काढायचा हे निवडण्यातच वेळ जातो. म्हणून खऱ्या सेल्फ डिफेन्सवाल्यांकडे गोष्टी थोड्या आणि ढोबळ असतात: दोन्ही हात वर आणून डोकं झाकणं, तळहाताच्या टाचेने तोंडावर मारणं, ढकलून जागा करून पळणं. मुठीपेक्षा तळहात बरा, कारण ग्लोव्ह न घालता मुठीने कवटीवर मारलं की करंगळीच्या मागचं हाड मोडू शकतं, डॉक्टर लोकांनी त्याला नावच ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ ठेवलंय.

आणि खरं सांगू का, तुझा पेपर कॉलर धरली तेव्हा सुरू झाला नाही, त्याच्या आधी मिनिटभर सुरू झाला होता. तो गाडीतून उतरला, आवाज चढला, जवळ आला, आणि तू बोलत राहिलास. ‘बरं दादा, तुम्ही काढा आधी’ म्हणून दोन पावलं मागे, तळहात त्याच्याकडे करून हात छातीसमोर. यात बावळटपणा काही नाही. वरून शरणागती वाटते पण हात आधीच वर असतात, आणि तुझ्याकडे बघणाऱ्या लोकांना दिसतं की हा भांडत नव्हता. कायदा प्रत्येक देशाचा वेगळा असला तरी धोका टळेपर्यंतच बळ वापरायचं हा गाभा बहुतेक ठिकाणी सापडतो, तेव्हा ते साक्षीदार उपयोगी येतात.

चाकूबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगून टाकते कारण क्लासमध्ये चाकू काढून घ्यायचे डेमो हमखास असतात. एक प्रयोग कर. जुना पांढरा टी-शर्ट घाल, मित्राच्या हातात लाल मार्कर दे आणि सांग, तीस सेकंद मला हवं तसं मार, थांबू नकोस, हात मागे खेच आणि परत मार. तू जे शिकलायस ते सगळं कर. मग टी-शर्ट बघ. आमच्या बॅचमध्ये हे केलं तेव्हा सगळ्यात हुशार मुलाच्या पोटावर, दंडावर आणि मानेजवळ मिळून चौदा रेघा होत्या, आणि त्याने मार्कर काढूनही घेतला होता हं, पंधराव्या वेळी. अमेरिकेतले पोलिस सार्जंट डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की चाकूवाला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि ते बंदूकवाल्या पोलिसांना सावध करायला लिहिलं होतं. पाकीट मागितलं तर पाकीट दे आणि पळ.

नऊ वर्षांचं म्हणशील तर पायात ताकद आहे, अंतराचा अंदाज आहे, लागलं तरी रडत बसत नाहीस. कराटे सोडू नकोस. आठवड्यातून दोन दिवस ज्युडो, कुस्ती, बॉक्सिंग यातलं काहीतरी जोड, किंवा तुझ्याच सरांना विचार की कॉलर धरून, भिंतीला टेकवून, माउथगार्ड घालून सराव करूया का. तुझ्या कात्यांत पकड सोडवायच्या हालचाली आहेत, फक्त त्या कधी धरणाऱ्या माणसावर करून बघितल्या नाहीत. सर चिडले तर ते उत्तरही महत्त्वाचंच.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची आहे. कोणी म्हणतं कराटे नको, क्राव मागाला घाला. कुठला प्रकार चांगला?

उत्तर: ताई, पाटीवरचं नाव बघू नका. क्राव मागा हा इस्राएली सैन्यातून आलेला स्वसंरक्षणाचा प्रकार उभा करणारे इमी लिख्टनफेल्ड स्वतः बॉक्सिंग आणि कुस्तीत मुरलेले होते, पण आज त्या नावाखाली दोन दिवसांचं वर्कशॉप करून सर्टिफिकेट देणारेही आहेत. एक तास क्लास बघायला बसा. समोरची मुलगी खरंच विरोध करतेय का? डाव फसतात का? एकही डाव फसत नसेल तर ते नाटक चाललंय.

दुसरं, मुलींना धोका बहुतेकदा अंधारातल्या अनोळखी माणसाकडून नसतो, ओळखीच्याकडून असतो, आणि ओळखीच्या माणसाला लाथ मारणं सोडा, ‘नको’ म्हणणंही जड जातं. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या जवळजवळ नऊशे विद्यार्थिनींवर शार्लीन सेन यांनी अभ्यास केला, २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. फक्त १२ तासांचा कोर्स होता आणि त्यात मारामारी थोडी, जास्त भर धोका ओळखण्यावर, भिडस्तपणा सोडण्यावर आणि तोंडाने ठाम विरोध करण्यावर. वर्षभरानंतर बलात्काराचं प्रमाण कोर्स न केलेल्या गटात ९.८ टक्के आणि केलेल्या गटात ५.२ टक्के निघालं. हे विद्यापीठातल्या मुलींचे आकडे आहेत, तुमची अजून लहान आहे, तरी दिशा तीच.

आणि शिकवणाऱ्याकडे नीट लक्ष ठेवा. मुलगी म्हणाली ‘मला या पार्टनरबरोबर नाही करायचं’ आणि सर म्हणाले ‘इथे प्रश्न विचारायचे नाहीत’, तर त्याच दिवशी क्लास बंद. नाही म्हणायला बंदी असलेल्या ठिकाणी ती सेल्फ डिफेन्स काय शिकणार!

प्रश्न: माझं वय ५८. आता काही शिकून उपयोग आहे का?

उत्तर: आहे की. पडायला शिका. हसू नका, जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यात साठीच्या पुढचे सगळ्यात जास्त. ज्युडो आणि आयकिदो (हाही जपानी प्रकार) यांत पहिले काही आठवडे ब्रेकफॉल, म्हणजे न लागता पडणं, हेच असतं, हनुवटी छातीशी, हाताचा पंजा टेकून पूर्ण वजन त्यावर घ्यायचं नाही, अंग गोल. आधी हाडांची तपासणी करून डॉक्टरांना विचारा, मग मॅटवर बसल्या बसल्या मागे लोळण्यापासून सुरुवात. पहिल्या आठवड्यात मान पुढून दुखेल, ती हनुवटी आत धरून ठेवल्यामुळे. दोन दिवसांत जाते.