लॅकोनिक म्हणजे घुम्या नव्हे

प्रश्न : नमस्कार, मी नाशिकला एका आयटी कंपनीत आहे. यंदाच्या अप्रेझलमधे मॅनेजरने माझ्याबद्दल लिहिलंय की मी मीटिंगमधे ‘लॅकोनिक’ असते. मोबाईलवर अर्थ बघितला तर ‘अल्पभाषी’ एवढंच आलं. नवरा म्हणतो कौतुक आहे, बहीण म्हणते टोमणा आहे, शेजारच्या डेस्कवरचा म्हणाला लॅकुना म्हणजे उणीव ना, मग त्यातलंच काहीतरी असणार. आता नक्की काय समजू? आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर : आधी त्या शेजारच्या डेस्कवाल्याला गप्प करू. लॅकुना लॅटिनमधला, मूळ अर्थ खड्डा, डबकं. त्याचा आणि लॅकोनिकचा काही संबंध नाही, नुसता आवाज सारखा. लॅकोनिक हे चक्क गावावरून पडलेलं विशेषण आहे, म्हणजे आपण कोल्हापुरी म्हणतो ना, चप्पल असो की ठसका, तसं. ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपनीझ नावाचा भाग आहे, त्यातला एक प्रांत लॅकोनिया, आणि त्याचं मुख्य शहर स्पार्टा. हो तेच, लढवय्यांचं. लॅकोनिया अजून नकाशावर आहे बरं का. तिथल्या लोकांसारखा तो लॅकोनिक, ग्रीकमधून लॅटिनमधे आणि तिथून सोळाव्या शतकाच्या शेवटाकडे इंग्रजीत. म्हणजे शब्दशः अर्थ ‘स्पार्टावाल्यांसारखं बोलणारा’.

आता ते कसं बोलायचे हे कळल्याशिवाय तुमच्या मॅनेजरचं वाक्य कळणार नाही, म्हणून जरा गोष्टी सांगते.

सगळ्यात गाजलेली फिलिपची. मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप, अलेक्झांडरचा बाप. एकेक ग्रीक शहर खिशात घालत निघालेला. त्याने स्पार्टाला धमकी पाठवली की मी जर लॅकोनियात शिरलो तर तुम्हाला हुसकून लावीन. स्पार्टातून उत्तर गेलं : “जर.”

बास. एवढंच. आणि मला नेहमी वाटतं की ही गोष्ट इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त खुलते, कारण आपल्याकडे जर म्हटलं की तर आलाच, आणि इथे तो ‘तर’ त्यांनी फिलिपवर सोडून दिला, घे बाबा तूच पूर्ण कर. पुढे तो लॅकोनियात आला, शेतंबितं उद्ध्वस्त करून गेला, पण स्पार्टा शहर काही त्याने घेतलं नाही. ही गोष्ट सांगणारा ग्रीक लेखक प्लुटार्क, त्यानेच दिलेली अजून एक, फिलिपने पत्र पाठवून विचारलं की मला शहरात घ्याल का, तर त्याच कागदावर मोठ्ठं ‘नाही’ लिहून परत.

पण माझी लाडकी गोष्ट वेगळीच आहे, ती ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलीये. सामोस बेटावरून हाकलले गेलेले काही लोक मदत मागायला स्पार्टात आले आणि त्यांनी लांबलचक भाषण ठोकलं. स्पार्टावाले म्हणाले, सुरुवातीचं आम्ही विसरलो आणि शेवटचं आम्हाला कळलं नाही. मग ती मंडळी दुसऱ्यांदा आली ती रिकामं पोतं घेऊन, आणि एवढंच म्हणाली की पोत्याला पीठ हवंय. तर स्पार्टावाल्यांचं म्हणणं काय, की ‘पोत्याला’ हा शब्द जास्तीचा झाला! समोर धरलंयत ना पोतं, मग परत सांगता कशाला. (मदत मात्र द्यायचं ठरवलं, तेवढे वाईट नव्हते.)

हे काही आपोआप येत नव्हतं, शिकवायचे. मुलगा सात वर्षांचा झाला की घर सुटायचं आणि सरकारी शिक्षण सुरू. प्लुटार्क लिहितो की जेवण झाल्यावर मोठा मुलगा छोट्यांना प्रश्न विचारायचा, गावात सगळ्यात चांगला माणूस कोण, अमक्याचं वागणं तुला कसं वाटतं वगैरे, आणि उत्तर थोडक्यात द्यायचं पण कारणासकट. कारणासकट हे महत्त्वाचं हं. फालतू उत्तर दिलं की शिक्षा म्हणून अंगठ्याला चावा! आपल्याकडे मास्तर छडी मारायचे ते परवडलं. प्लुटार्कने तुलनाही छान केलीये, की स्पार्टाचं लोखंडी चलन वजनाला भारी आणि किमतीला कमी, आणि बोलणं बरोब्बर उलट.

हां, एक गोष्ट लक्षात ठेवायची की हे सगळं बाहेरच्यांनी लिहिलंय, आणि प्लुटार्क तर फिलिपनंतर चारेकशे वर्षांनी झाला. त्यामुळे प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उच्चारलं गेलं असेल असं मानायची गरज नाही. पण ख्याती होती हे नक्की, त्याशिवाय अख्ख्या प्रांताचं नाव एका स्वभावाला चिकटत नाही.

आता वापर. लॅकोनिक माणूस, लॅकोनिक उत्तर, लॅकोनिक शैली, लॅकोनिक विनोद, सगळं चालतं. पण नुसतं कमी बोललं की लॅकोनिक होत नाही, इथेच डिक्शनरीतलं ‘अल्पभाषी’ तोकडं पडतं. जो बोलतच नाही तो अबोल, ज्याच्या मनातलं कळत नाही तो घुम्या, ज्याला बोलायचंय पण तोंडातून शब्द फुटत नाही तो मुखदुर्बळ, आणि जो तोडून टाकतो तो तुसडा. यातला एकही लॅकोनिक नाही. पूर्वी तारेत लोक ‘पोचलो, ठीक’ लिहायचे तेही नाही, तिथे शब्दाला पैसे पडायचे म्हणून काटकसर. लॅकोनिक बोलणाऱ्याने मागे ठेवलेलं ऐकणाऱ्याला आपोआप कळतं, आणि बहुतेक वेळा जरा टोचतं किंवा हसू येतं. साहित्यात आपण अल्पाक्षररमणीय म्हणतो ते जवळचं आहे, पण त्यात गोडवा जास्त, लॅकोनिकमधे कोरडेपणा हवाच. क्रिकेटवाल्यांसाठी सांगायचं तर रिची बेनॉची कॉमेंट्री. पुणेरी पाट्यांचं विचाराल तर त्यातल्या निम्म्या अजिबात लॅकोनिक नाहीत, तिथे माणूस चिडून निबंध लिहितो.

आमच्या घरचं उदाहरण देते. आई नवीन कुठलीतरी रेसिपी बघून आमटी करायची, सगळं जेवण होईपर्यंत बाबा गप्प, शेवटी तिने न राहवून विचारलं की कशी झाली, की ताट उचलता उचलता म्हणायचे, “मीठ होतं.” हे लॅकोनिक. ती रेसिपी परत व्हायची नाही.

तर तुमचा प्रश्न, कौतुक की टोमणा. शब्द स्वतः बिनविषारी आहे, उलट थोडा आदराकडे झुकलेला, कारण लॅकोनिक म्हणवून घ्यायला डोकं लागतं. मॅनेजरला तुमची तक्रारच करायची असती तर ‘क्वाएट’ किंवा ‘कर्ट’ हे सरळ शब्द हाताशी होते, पहिला गप्प बसणाऱ्यासाठी आणि दुसरा फटकून बोलणाऱ्यासाठी. पण अप्रेझलमधे शब्दापेक्षा तो कुठल्या रकान्यात आहे ते बघा. ‘स्ट्रेंथ्स’खाली असेल तर नवऱ्याचं बरोबर, ‘इम्प्रूव्हमेंट’खाली असेल तर बहिणीचं, म्हणजे त्यांना जरा जास्त तपशील हवाय. मॅनेजरला विचारायला जाल तेव्हा उच्चार ल-कॉ-निक करा, जोर ‘कॉ’वर.

आणि एक, तुमचं मूळ पत्र साडेतीन पानांचं होतं, जागेअभावी वर थोडक्यात छापलंय. ते मॅनेजरला दाखवू नका.