सोलापुरात मुलींसाठी देणगी द्यायची आहे. शिलाई मशीन वाटावीत का?

तुम्ही आणि अमेरिकेतला तुमचा भाऊ मिळून आईच्या स्मरणार्थ सोलापुरातल्या मुलींसाठी दरवर्षी दीड लाख रुपये देणार आहात, हे वाचून फार बरं वाटलं. मी पूर्व भागातल्या मुलींच्या एका अभ्यासिकेचं काम बरीच वर्षं बघते. माझं स्पष्ट मत सांगते: मशीन नको. त्या पैशातून वस्तीतल्याच एखाद्या शिकलेल्या ताईचं मानधन द्या, आणि तेही निदान तीन वर्षं सलग.

आमच्याकडे कितीतरी घरांत आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर असतात. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, म्हणून मुलीचेही हात लागतात. पानं कातरायची, दोरा बांधायचा, आई कारखान्यात माल द्यायला गेली की धाकट्यांना सांभाळायचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी. नववीत गणित अडलं तर विचारायचं कुणाला? दहावीला एखादा विषय राहिला की स्थळं बघायला सुरुवात होते. अशा घरात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला मशीन मिळालं की युनिफॉर्म शिवायचं पीसवरचं काम लगेच दारात येतं आणि शाळा कायमची सुटते. संसार सावरणाऱ्या बाईला मशीनचा खरा आधार होतो, तिला जरूर द्या. शाळकरी मुलीला देऊ नका.

ताई संध्याकाळी दोन तास अभ्यास घेते, तेवढंच लोकांना दिसतं. पण दोन दिवस न आलेल्या मुलीच्या घरी जाऊन आईशी बोलणं हे त्याहून मोठं काम आहे. लग्नाची कुणकुण लागली तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन तीच करते. आणि कागदपत्रं! विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार कल्याण खात्याची शिष्यवृत्ती आहे, पण त्यासाठी विडी कामगाराचं ओळखपत्र, बँक खातं, ऑनलाइन अर्ज सगळं मुदतीत लागतं. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी राज्य सरकारने माफ केली आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघाला नाही तर तीही हातातून जाते. सरकारी पैसा आहे, तो मुलीपर्यंत आणणारं माणूस नाही. म्हणून मी माणसावर खर्च करा म्हणते.

माझा हिशेब असा: ताईला महिना 8,000, खोलीभाडं 2,500. वर्षाचे झाले 1,26,000. उरलेले 24,000 परीक्षा फॉर्म, दाखले आणि बसभाड्याला. शहराबाहेर कुंभारीला असलेल्या विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीतून शहरात अकरावीला यायचं तर रोजची बस आलीच, आणि घरचे पहिली काटछाट तिथेच करतात.

संस्था निवडताना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा. मागितल्यावर जी संस्था नाराज होते तिच्याकडे जाऊ नका. देणगीवरची आयकर सवलत (80जी) जुन्या करप्रणालीतच मिळते आणि 2,000 रुपयांच्या वर रोख दिलेत तर मिळत नाही, तेव्हा पैसे बँकेतूनच द्या. भावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम विदेशी देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर मात्र विदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी असलेली संस्थाच शोधावी लागेल.

कळकळीची एक विनंती: मुलींचे फोटो मागू नका. देणगीदाराच्या नावाच्या फलकाखाली उभी केलेली मुलगी त्याच गल्लीतून रोज शाळेत जाते. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी विचारा की आठवीतल्या किती जणी नववीत गेल्या, कोण गळाली आणि का.

शाळा जूनमध्ये उघडतात. ताई नेमायची आणि खोली घ्यायची तर पहिला हप्ता एप्रिलअखेर संस्थेच्या खात्यात पोचेल असं बघा.