गुडघा दुखतोय, पण उचलायचं वजन कमी करवत नाही

"मॅडम, सांधे दुखतात. जिम सोडू का?" हा प्रश्न आता माझ्याकडे इतक्या वेळा येतो, की तो समुपदेशकाला का विचारावा याचं मला नवल वाटत नाही. ही मंडळी हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेली असतात, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम अर्धवट टाकलेले असतात. माझ्याकडे येतात ती चिडचिडीची तक्रार घेऊन. सांध्याचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत निघतो.

समीर (नाव बदललंय) असाच आला, खरं तर बायकोने पाठवला. तिशी नुकतीच उलटलेली, सांगलीत बँकेत नोकरी. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन उठाबशा, मारताना गुडघ्याच्या वाटीखाली कळ यायची. फिजिओने खांद्यावरचं वजन कमी करून सावकाश बसायला सांगितलं होतं. यानं काय केलं, तर दोन आठवडे जिमचं तोंड पाहिलं नाही आणि बरं वाटल्यावर पहिल्याच दिवशी गोळी घेऊन जुने 120 किलो खांद्यावर घेतले. पुन्हा कळ, पुन्हा सुट्टी. वर्षभर हेच.

"मधला काही रस्ता नाही का?"

"संकेत सरगर बघा ना मॅडम."

सांगलीत हे उदाहरण मला हमखास ऐकवलं जातं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या या वेटलिफ्टर पोराचं कोपर दुसऱ्या प्रयत्नात दुखावलं, तरी तो तिसऱ्याला उभा राहिला. एकूण 248 किलोवर रौप्यपदक मिळालं.

"तो राष्ट्रकुलच्या मंचावर होता. तुम्ही मंगळवारी सकाळी साडेसहाला कुठे असता?"

तो हसला. पण वजन काही उतरलं नाही.

पुढच्या भेटीत मी सरळ विचारलं, "120 चे 80 केले तर काय होईल?"

"ताकद जाईल."

"मग?"

"पाय बारीक होतील."

"मग?"

"लोक बघतील."

"कोण लोक?"

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, "कॉलेजात मला काडी पैलवान म्हणायचे."

अशा जागी सल्ला द्यायचा मोह फार होतो. तो आवरायला मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मी एवढंच विचारलं, "तुमच्या जिममध्ये 80 किलो मारणारं कुणी आहे?"

"एक काका आहेत, पन्नाशीचे."

"त्यांना काडी पैलवान म्हणता?"

"छे! ते तर भारी..." आणि तो थांबला. स्वतःचंच वाक्य त्याने ऐकलं होतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करते. दुखणं खरंच असतं, पण त्याभोवती माणूस जे स्वतःला बजावत असतो, ते त्याला बरं होऊ देत नाही. समीरला गुडघ्यापेक्षा 80 किलोची धास्ती जास्त होती. ते कळल्यावर फिजिओचं म्हणणं त्याच्या कानात शिरलं.

आणि ते म्हणणं साधं आहे. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात. त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांना महिने लागतात. आपण वजन वाढवतो स्नायूंच्या भरवशावर आणि कळ येते कंडरेत. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी दुबळी होते, म्हणून सोडून देणं हा सहसा उपाय नसतो. शून्य ते दहाच्या मापात तीन-चारपर्यंतचं दुखणं, जे दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरतं, ते बहुधा चालतं. सकाळी जास्त दुखलं, तर वजन किंवा सेट कमी करायचे. गोळी घेऊन वजन उचलणं मात्र सर्वांत वाईट, कारण थांब म्हणून सांगणारी खूणच त्यात पुसली जाते.

सांधा सुजला, अडकला, भार टाकताच दगा देऊ लागला, हातापायाला मुंग्या आल्या किंवा रात्री दुखण्याने जाग येऊ लागली, तर माझ्याकडे येऊ नका. आधी डॉक्टर गाठा.

समीर 70 वर उतरला. आता 95 मारतो, कळ अधूनमधून येते आणि तो ती वहीत लिहून ठेवतो. बायकोलाही मी एकदा बोलावून घेतलं. "सांगितलं होतं ना, सोड ते जिम" हे वाक्य घरात बंद करा, म्हटलं. ते ऐकलं की तो दुसऱ्या दिवशी हट्टाने दहा किलो वाढवायचा.